कॅमेऱ्यात येते तेवढी भिंत

४ ऑक्टोबर

आत्या,

पाया पडले असं समज. या खोलीत वाकायला गेलं की डोकं कपाटावर आपटतं.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "नवं काम कसं आहे?" मी म्हणाले, "छान." तू म्हणालीस, "बरं, आता खरं पत्रात लिही." तर लिहिते.

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचा कक्ष आहे. बाहेरच्या देशांतून शिकायला आलेल्या मुलांचं मन हलकं करायचं, हे माझं काम. खोलीत दोन खुर्च्या. समोरासमोर नाहीत, जरा तिरक्या, म्हणजे कोणाला नजर चुकवायची असली तर खिडकी मिळते. घड्याळ येणाऱ्याच्या पाठीमागे, मला एकटीलाच दिसेल असं. दाराबाहेर एक डबी दिवसभर फस्स असा आवाज करत असते, आतलं बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. कागदी रुमालांचा खोका हाताशी ठेवायचा, पण आपण उचलून द्यायचा नाही. दिला की रडणारं माणूस थांबतं, आणि त्याला थांबवायचं नसतं. हे शिकायला मला दोन पदव्या घ्याव्या लागल्या, तू हसशील.

मुलं येतात ती डोकं दुखतं, जेवण जात नाही, झोप नाही असं सांगत. "मी उदास आहे" असं कोणी म्हणत नाही. पहिला प्रश्न ठरलेला: "हे विद्यापीठाला कळेल का?" त्याच्या पाठोपाठ दुसरा: "घरी कळेल का?"

या आठवड्यात एक मुलगी आली. नाव सांगणार नाही, काय शिकते तेही नाही. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही असा नियम आहे आणि मी तो तुझ्यासाठी जेवढा वाकवता येईल तेवढाच वाकवतेय. तुझ्यापुरती ती हिरवी टोपी. लोकरीची, कानांवर ओढलेली. इथल्या भाषेत ती मुलाखत दिल्यासारखी घडाघडा बोलली. झोप लागत नाही, बाकी सगळं ठीक. मग म्हणाली, "मी कधीकधी बस पकडून विमानतळावर जाऊन बसते. कुठे जायचं नसतं. तिथे एकटं बसलं तरी कोणाला काही वाटत नाही, सगळेच एकटे बसलेले असतात." उठताना मी आपल्या भाषेत एवढंच विचारलं, "पाणी घेतेस?" तिने टोपी तोंडावर ओढली आणि हमसून हमसून रडली.

माझी काळजी करू नकोस. सहकारी चांगले आहेत. दर शनिवारी आम्ही सगळे एकत्र जेवतो.

तुझी ठमी


१९ ऑक्टोबर

ठमे,

तुझी फस्स करणारी डबी वाचून हसू आलं. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळं उलटं होतं. आम्ही बसायचो ते ऐकायलाच, आणि ऐकलं नाही असा चेहरा ठेवायला. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचा बाप गेला, कोण कोणाला फसवतंय, सगळं माझ्या कानातून जायचं आणि संध्याकाळी मी तुझा अभ्यास घ्यायला बसायचे. म्हणून तर मला फोनचा तिटकारा. फोनवर माणूस "बरं आहे" म्हणतं आणि सुटतं. घरातला फोन मी आता फक्त पुसून ठेवते. पत्र लिहिताना निदान खोटं बोलायला वेळ लागतो.

आता त्या पोरीबद्दल. तुझ्या दोन पदव्या राहू देत बाजूला. एवढीशी मुलगी, परका मुलूख, आपल्या भाषेत कोणी पाणी विचारलं तर रडते, आणि तू तिरक्या खुर्चीत बसून घड्याळ बघतेस? तिला मॅडम-बिडम म्हणू देऊ नकोस. ताई म्हणू दे. एक डबा जास्त ने. माणूस मोकळं होतं ते आपल्या माणसाजवळ. तू शाळेतून रडत यायचीस तेव्हा मी काय खुर्च्या तिरक्या केल्या होत्या?

मी ठणठणीत आहे. दुपारी जरा लोळते. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बाई गप्पा मारायला येतात, त्यांना घालवून द्यावं लागतं इतक्या बसतात.

शनिवारी काय जेवता ते लिही. नुसतं "जेवतो" म्हणजे काय?

आत्या


६ नोव्हेंबर

आत्या,

तू म्हणालीस तसं केलं, आणि जादू झाल्यासारखं झालं.

तिसऱ्या खेपेला मी दोन डबे नेले. साधा भात आणि फोडणी दिलेली डाळ. तिने टोपी काढली. आत केस आहेत, भरपूर आहेत! खाता खाता म्हणाली, "मॅडम, तुम्ही अगदी माझ्या मोठ्या बहिणीसारख्या आहात." मी म्हटलं, "मग ताई म्हण." तेव्हापासून "ताई, तू" सुरू आहे. आता ती खुर्चीत मांडी घालून बसते. विमानतळाचं वगैरे ते विचित्र बोलणं बंद झालं, पुन्हा एकदाही काढलं नाही. रडणं तर नाहीच.

आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे माझ्या कामावर देखरेख करतात त्यांनी, डबे पाहिले. म्हणाल्या, "या खोलीत तुम्ही कोणाची बहीण नाही." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, तुम्हाला काय कळणार? इथे माणसं शेजारच्या घरी जायचं तर आठवडाभर आधी विचारतात. तिला मोकळं करायला मला जे मिळालंय ते त्यांच्या कोणत्या पुस्तकात सापडणार?

खरं सांगू? मलाही बरं वाटतं. आठवड्यातून एक तास कोणीतरी मला माझ्या भाषेत हाक मारतं.

शनिवारी सूप आणि पाव. नेहमी तेच. म्हणून लिहिलं नव्हतं.

ठमी


२२ नोव्हेंबर

ताईसाहेब,

आता आम्हीही तुम्हाला ताईच म्हणावं म्हणते. बघ, आलं की नाही कामाला? तुमच्या मोठ्या बाईंना इकडे पाठव, चार दिवस ठेवून घेते आणि सुधारून परत पाठवते.

पोर रडत नाही म्हणतेस, उत्तम झालं. रडण्यात काय ठेवलंय? जेवते का, अभ्यास करते का, एवढं बघ. घरच्यांशी बोलते का तेही विचार. पोरं लांब गेली की आईबापांना सगळं गोड गोडच सांगतात. तू नाही सांगत, हे मी इथे सगळ्यांना सांगत असते.

सगळ्यांना म्हणजे खालच्या बाईंना. बाकी कोण आहे.

थंडी पडली आहे. तुझा जुना स्वेटर मी घालते, बाह्या आखूड होतात पण ऊब चांगली आहे. हल्ली बाथरूमची फरशी फार गुळगुळीत झाल्यासारखी वाटते. सांगायचं म्हणून सांगितलं, लगेच फोन करू नकोस.

आत्या


१४ डिसेंबर

आत्या,

आज पेढे वाटावेत असा दिवस आहे. तिला पहिल्या परीक्षेत उत्तम गुण मिळाले. प्राध्यापकांनी सगळ्या वर्गासमोर नाव घेतलं म्हणे. दोन मैत्रिणी झाल्यात, एकीबरोबर ती पोहायला जाते. दर आठवड्याला तिच्याकडे काहीतरी नवं चांगलं असतंच. मला तिने हाताने विणलेले मोजे आणले. भेटी घ्यायच्या नाहीत असा नियम आहे. मी घेतले. आत्ता तेच घालून लिहितेय.

मोठ्या बाई म्हणाल्या, "फार लवकर बऱ्या झाल्या." बोलायची त्यांची पद्धतच तशी. मी म्हटलं, "आमच्याकडे माणसं लवकर बरी होतात."

मागच्या रविवारी तू घरच्या फोनवर नव्हतीस, मग मोबाइल लावला. मैत्रिणीकडे राहायला गेले म्हणालीस. कोण ही मैत्रीण? तुझी एकही मैत्रीण मला माहीत नाही असं कधी झालं नाही. तिच्याकडे काय लग्नघर आहे का? मागे चाकं खडखडत होती, कोणीतरी मोठमोठ्याने नावं पुकारत होतं. तुझा आवाजही दमल्यासारखा वाटला. जागरणं करू नकोस गप्पा मारत. पण मजा येतेय ना? तुला अशी सोबत मिळाली याचा मला फार आनंद झाला. पहिल्यांदाच वाटलं, मी इथे आणि तू तिथे, हे बरोबर चाललंय.

ठमी


२९ डिसेंबर

ठमे,

अक्षर वाकडं आलंय, चष्मा नवा आहे आणि इथे टेबल नाही. लागेल तसं लाव.

मैत्रीण शिवणकाम करते. तू नाही ओळखत. स्वभावाने फार चांगली, तोंडात टाचण्या धरून बोलते, त्यामुळे निम्मं कळत नाही. मी आणखी काही दिवस इथेच आहे. फार गडबड असते खरी. सकाळी लवकर उठवतात, वेळेवर जेवायला घालतात, काडीचं काम करू देत नाहीत. आयुष्यात एवढं बसून खाल्लं नसेल.

तुझ्या हिरव्या टोपीचं वर्गात नाव झालं, वाचून डोळे भरून आले. तिच्या आईबापांना काय वाटलं असेल! तू पाठीशी उभी राहिलीस म्हणून झालं हे. मी इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, तुमची भाची पुण्य करतेय.

आणखी लिहिलं असतं, पण हात भरून येतो.

आत्या


१८ जानेवारी

आत्या,

माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे. कोणाला सांगू कळत नाही म्हणून तुला लिहितेय. हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत काय होऊन बसलेलं असेल याचा विचार करायची मला हिंमत होत नाही.

परवा तिच्या विभागाकडून आमच्याकडे कागद आला. सत्र सुरू झाल्यापासून ती वर्गात जवळजवळ गेलेलीच नाही. परीक्षेला बसलेली नाही. या महिनाअखेर तिचं नाव कमी होणार, आणि नाव गेलं की इथे राहायचा परवानाही जातो. मी कागद दोनदा वाचला, मला वाटलं दुसऱ्याच कोणाचा आहे. गुण नाहीत, नाव घेणारे प्राध्यापक नाहीत. पोहायला जाणारी मैत्रीण नाही. दर आठवड्याला तिने माझ्यासमोर मांडी घालून, माझा भात खात, सगळं रचून सांगितलं. मी टाळ्या वाजवल्या.

आज तिची वेळ होती. आली नाही. फोन बंद. वसतिगृहाच्या बाईंना घेऊन तिच्या खोलीवर गेले.

आत्या, त्या खोलीतली एक भिंत सुंदर होती. चांदण्यांसारखे छोटे दिवे, घरच्यांचे फोटो, कुंडीतलं रोप, वेळापत्रक रंगीत पेनांनी लिहिलेलं. टेबलावर लॅपटॉप त्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. बाकीची खोली बघवत नव्हती. न धुतलेल्या कपड्यांचे ढीग, न उघडलेली पाकिटं, खिडकीला काळा कागद. मला समजायला जरा वेळ लागला. घरी बोलताना कॅमेऱ्यात येते तेवढीच भिंत तिने सजवली होती. वसतिगृहाच्या बाई मला म्हणाल्या, "तुम्हाला हे माहीत नव्हतं? तुम्ही तर दर आठवड्याला भेटता." मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. माझ्या समोरची खुर्ची म्हणजे तिची आणखी एक सजवलेली भिंत होती. दुसरं काय?

सुरक्षा विभागाला कळवलंय. त्यांनी विचारलं, "अंगावर काय होतं?" मी म्हटलं, "हिरवी टोपी." पुढचं काहीच मला सांगता आलं नाही. मी तिची ताई. ती कुठे जाते, काय करते, मला काही ठाऊक नाही.

ठमी


३१ जानेवारी

आत्या,

फोनवर तुला "सापडली" एवढंच सांगितलं. बाकीचं आता लिहिते.

त्या दिवशी तुला पत्र टाकून परत येताना मला तिचं पहिलंच बोलणं आठवलं. ताई व्हायच्या आधीचं. बस पकडली आणि विमानतळावर गेले. निघणाऱ्या लोकांच्या हॉलमध्ये, खांबाला टेकून, बॅग मांडीवर घेऊन ती बसली होती. तिकीट नव्हतं. मला बघून तिने पहिलं काय केलं असेल? हसली. "ताई, तू इकडे कुठे? मी मैत्रिणीला सोडायला आले होते."

मी तिच्या शेजारी बसले. आता माझ्या दोन पदव्यांपैकी एकीने तरी उपयोगी पडावं असं वाटत होतं. शेवटी मी म्हटलं, "विभागाकडून कागद आला." तेव्हा तिचा चेहरा मिटला. म्हणाली, "पहिल्या दिवशी मी तुला खरं सांगत होते. तू कोणीच नव्हतीस तेव्हा. मग तू ताई झालीस. ताईला कसं सांगायचं? तुला वाईट वाटलं असतं. तू तर डबा आणायचीस." आणि मग म्हणाली, "सांगायला एक जागा होती, ती पण गेली."

असं वाटलं, कोणीतरी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मोठ्या बाईंनी मला एका शब्दाने टोचलं नाही. तेही झोंबलं. त्यांनी तिला आमच्या दुसऱ्या सहकाऱ्याकडे दिलं. उंच, टकला, दुष्काळातल्या ढगासारखा कोरडा माणूस. आपल्या भाषेतला एक शब्द येत नाही, नावही धड घेता येत नाही. मी बाहेर बसले होते. दार बंद झालं, डबी फस्स करत राहिली. ती त्याच्याशी पूर्ण वेळ बोलली, एवढंच त्याने नंतर सांगितलं. घडाघडा नाही, अडखळत, पण बोलली. बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते आणि ती मला ओळखीचं हसली सुद्धा नाही. त्याच खोलीतून नंतर तिने घरी फोन लावला. विभागाने सहा महिन्यांची सुट्टी मान्य केली, नाव राहील. घरी जाऊन परत येईल. यापुढचं मला कळणार नाही, आता ती माझ्याकडे नाही.

मला आनंद व्हायला हवा होता, आत्या. मला मत्सर वाटला. घरी येऊन मोजे काढून ठेवले आणि खूप रडले.

आणि एक. शनिवारची जेवणं खोटी आहेत. एकदा झालं, पहिल्या महिन्यात, सूप आणि पाव तेव्हाचंच. शनिवारी मी खालच्या कपडे धुवायच्या दुकानात जाऊन बसते. कपडे नसले तरी. तिथे उबदार असतं आणि माणसं येत-जात असतात. मी तुला पत्रांतून भिंतच दाखवत होते. तुला वाईट वाटू नये म्हणून.

ठमी


१६ फेब्रुवारी

समुपदेशक मॅडम यांस,

आपली ओळख नाही, म्हणूनच लिहिते आहे. तुम्ही परदेशात राहणाऱ्या मुलांचं ऐकून घेता असं कळलं. मी परदेशात नाही, आपल्याच घरात आहे, आणि मूल होते त्याला फार वर्षं लोटली. तरी बसतं का ते बघा.

मी टेलिफोन ऑपरेटर होते. आता एकटी राहते. एक भाची आहे, मीच वाढवलेली. तुमच्यासारखंच काही काम करते. तिला हे सांगता येत नाही, तिला वाईट वाटेल.

दुपारचं जेवण झालं की घर इतकं शांत होतं, की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकते. खालच्या मजल्यावर एक बाई होत्या. त्या मागच्या उन्हाळ्यात मुलाकडे निघून गेल्या. भाचीला मी लिहीत असते की त्या रोज येतात. मला फोनचा तिटकारा आहे असंही मी तिला सांगितलं आहे. खरं असं आहे की मी रोज दुपारी फोन घेऊन बसते. एक्स्चेंजमधले जुने नंबर बोटांना पाठ आहेत, पुढे नवे आकडे लावले की लागतात. पलीकडून "हॅलो" येतं. मी म्हणते, "माफ करा, राँग नंबर." बस. कोणी खेकसतं. कोणी म्हणतं, "काही हरकत नाही, आजी." त्या "काही हरकत नाही"वर माझी दुपार निघते.

एका नंबरवर शिवणाचं मशीन चालायचं. फोन उचलला की थांबायचं. दोन-तीनदा झाल्यावर ती बाई म्हणाली, "परत तुम्हीच ना? ठेवू नका, बोला. माझेही पाय दुखलेत." मग मी तिला काय काय सांगितलं, मॅडम, ते तुम्हालाही सांगणार नाही.

डिसेंबरात मी बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं. मोबाइल स्वयंपाकघरात ओट्यावर. सरपटत बाहेरच्या खोलीत आले आणि वायर ओढून घरचा फोन खाली पाडला. भाचीचा नंबर मला पाठ आहे. तो मी लावला नाही. शिवणवालीचा लावला. मशीन थांबलं. मी म्हटलं, "आज राँग नंबर नाही." पत्ता सांगितला, आणि ती गळ्यातली टेप तशीच ठेवून धावत आली. तोपर्यंत आम्ही एकमेकींचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

मी मैत्रिणीकडे आहे असं भाचीला लिहिलं ते पत्र दवाखान्यात उताणं पडून लिहिलेलं आहे. फोनवर तिला खडखडताना ऐकू आली ती औषधांची गाडी. सगळ्यांना पत्र वाचून दाखवलं ते सगळे म्हणजे वॉर्ड. भाची इतकं बारीक ऐकणारी, तिला कळेल असं वाटलं होतं. कळलं नाही. मला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी फार एकटं वाटलं. दोन्ही कसं काय वाटलं?

आता घरी आहे, वॉकर धरून चालते. शिवणवाली संध्याकाळी येते. पोरींना ताई म्हणायला लावा असा सल्ला मी एकीला दिला होता. तो चुकला. माझ्यासारख्या बायकांना तुम्ही काय सांगता, ते कळवावं.

आपली कोणी नसलेली,
एक बाई


३ मार्च

बाई,

आपलं पत्र मिळालं. या, बसा.

खुर्ची जरा तिरकी आहे. माझ्याकडे बघायला नको वाटलं तर खिडकी आहे. घड्याळ माझ्याकडे आहे, त्याची चिंता तुम्ही करू नका. रुमाल हाताशी ठेवलेत. मी उचलून देणार नाही. आज त्यातले बरेचसे मीच वापरलेत, त्याकडे कृपया लक्ष देऊ नका.

इथलं बोलणं बाहेर जात नाही. मी तुमची कोणी लागत नाही. तुम्ही काहीही सांगितलंत तरी मला वाईट वाटणार नाही. हे शेवटचं वाक्य खोटं आहे, पण या खोलीत ते म्हणावं लागतं.

मी तुम्हाला काहीच सांगत नाही. मी फक्त विचारते. तुम्ही जमिनीवर पडलेल्या होतात, फोन हातात होता, नंबर लावायच्या आधी मनात काय आलं? पहिलं आलं ते, आणि त्याच्यामागून आलं ते. माझ्याकडे येणारी माणसं पहिलं खुर्चीत बसून सांगतात. दुसरं असतं ते वेळ संपल्यावर, उठून, दाराच्या कडीला हात लावल्यावर सांगतात. त्याच्यासाठीच ती आलेली असतात.

तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या. माझ्याकडे आज दुसरं कोणी नाही.

समुपदेशक


२० मार्च

मॅडम,

पहिलं आलं ते असं, की हे भाचीला कळता कामा नये. तिचं तिकडे आत्ता कुठे बस्तान बसतंय, दर शनिवारी चार माणसांत जेवते, तिला इकडे खेचायचं नाही. म्हातारीचं हाड काय, आज ना उद्या मोडायचंच. मी अगदी शांतपणे हा विचार केला आणि शिवणवालीचा नंबर लावला. त्याचा मला पश्चात्ताप नाही. झालं माझं सांगून. वेळही संपली असेल.

आता मी उठले आहे असं समजा. वॉकर धरला. चपला सापडल्या. दारापर्यंत आले, कडीला हात लावला.

दुसरं आलं ते असं, की ठमी यावी.

तुमच्या खोलीतलं बाहेर जात नाही असं तुम्ही लिहिलंत. एवढं एक जाऊ द्या.

आत्या